मिठाचा तलाव हिरवा का होतो, आणि तो पुन्हा निळा कसा करायचा

 

मागच्या व्याख्यानात आपण पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनबद्दल बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यात एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा होता. कुणाचं लोणावळ्याला घर आहे, कुणाचं अलिबागला, कुणाचं गोव्यात. घरापुढे छोटा पोहण्याचा तलाव आहे, मिठाच्या पाण्याचा. पावसाळा संपता संपता तो हिरवागार झाला. यंत्र चालू आहे, दिवा लागतोय, मग शेवाळ आलं कुठून? आणि आता काय करायचं, सगळं पाणी सोडून द्यायचं का?

सोडून देऊ नका, हे आधीच सांगतो. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव घेतला, तर त्यात ४८ हजार लिटर पाणी मावतं. हिशेबाला सोपं जावं म्हणून आज आपण ५० हजार लिटर धरू. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाच टँकरची किंमत काय असते, ते गावातल्या कुणालाही विचारा. ते पाणी वाचवता येतं. फक्त काय घडलंय हे नीट समजून घ्यायला हवं.

मिठाचा तलाव हा क्लोरीनचाच तलाव

पहिला गैरसमज इथेच दूर करू. पुष्कळांना वाटतं की मिठाच्या पाण्यात क्लोरीन नसतो आणि मीठच पाणी स्वच्छ ठेवतं. तसं नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तुमच्या तलावात लिटरला साधारण ३ ग्रॅम, म्हणजे ३००० पीपीएम. समुद्राच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. एवढ्या मिठाने शेवाळ मरत नाही. आणि समुद्रात तरी शेवाळ कुठे कमी आहे?

मीठ हा कच्चा माल आहे. पंपाच्या खोलीत जो सॉल्ट क्लोरिनेटर असतो, त्याच्या सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यांतून वीज गेली की पाण्यातल्या क्लोराइडपासून एका पट्टीवर क्लोरीन तयार होतो, दुसरीवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. तो क्लोरीन लगेच पाण्यात विरघळतो, जंतू आणि शेवाळ मारतो, आणि काम झालं की पुन्हा क्लोराइड होतो. म्हणून मीठ संपत नाही. ते कमी होतं ते पाणी बाहेर गेल्यामुळे: फिल्टर उलटा धुताना, पोरांनी उड्या मारताना, आणि सगळ्यात जास्त पावसात तलाव भरून वाहताना.

म्हणजे तुमच्याकडे क्लोरीनचा एक छोटा कारखाना आहे. आता या कारखान्याची ताकद बघू. घरगुती सेल समजा तासाला २५ ग्रॅम क्लोरीन बनवतो. दिवसाला आठ तास पंप चालला तर २०० ग्रॅम. ५० हजार लिटरमध्ये २०० ग्रॅम म्हणजे ४ पीपीएम. निरोगी तलावाचा रोजचा खर्च भागवायला हे पुरतं. पण शेवाळ एकदा माजलं की हा कारखाना तोकडा पडतो. तो जेवढा क्लोरीन बनवतो, तेवढा शेवाळ दिवसभरात खाऊन टाकतं. सेलवर ‘बूस्ट’चं बटण असतं, ते दाबून लोक निश्चिंत होतात. बूस्टने यंत्र फार तर चोवीस तास चालतं, त्याची ताकद काही वाढत नाही.

आकडा एक नव्हे, दोन

आता आजच्या विषयाचा गाभा. पुष्कळ जण सांगतात, आम्ही क्लोरीन तपासला, ३ पीपीएम आहे, पुस्तकात लिहिलंय तेवढा. तरी पाणी हिरवं. असं कसं?

उघड्यावरच्या तलावात नुसता क्लोरीन टाकला तर भर उन्हात तासाभरात निम्म्याहून अधिक उडून जातो. म्हणून त्यात सायन्युरिक ॲसिड घालतात. बाजारात याला स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरीनला धरून ठेवतं, उन्हापासून वाचवतं आणि थोडा थोडा सोडत राहतं. मिठाच्या तलावात ते ६० ते ८० पीपीएम ठेवायची पद्धत आहे, कारण सेल हळू काम करतो आणि त्याने बनवलेला क्लोरीन टिकायला हवा.

पण जो धरून ठेवतो तो अडवूनही ठेवतो. स्टॅबिलायझर जितकं जास्त, तितका त्याच ३ पीपीएममधला प्रत्यक्ष काम करणारा क्लोरीन कमी. तपासणीचे थेंब मात्र मोकळा आणि धरलेला, दोन्ही मिळून मोजतात. त्यामुळे आकडा ३ दिसतो आणि शेवाळाला त्याचं काही वाटत नाही.

तलाव सांभाळणाऱ्यांच्या अनुभवातून आलेला एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. मिठाच्या तलावात रोजचा क्लोरीन स्टॅबिलायझरच्या किमान ५ टक्के हवा. स्टॅबिलायझर ७० असेल तर साडेतीन-चार पीपीएम. आणि आलेलं शेवाळ मारायचं असेल तर ४० टक्के. म्हणजे ७० ला २८ पीपीएम. ३ आणि २८, केवढा फरक आहे बघा. शेवाळ का जात नाही याचं उत्तर बहुतेक वेळा याच फरकात असतं.

स्टॅबिलायझर वाढतं कसं? तर गोळ्यांनी. पंपाच्या खोलीत पांढऱ्या क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा असतो. यंत्र बंद पडलं, वीज गेली, पाहुणे आले, की राखणदार चार गोळ्या टाकतो. त्याची काही चूक नाही, त्याला तेच शिकवलेलं असतं. पण त्या ट्रायक्लोरच्या गोळ्या असतात. त्यांतून १० पीपीएम क्लोरीन मिळाला की त्याबरोबर ६ पीपीएम स्टॅबिलायझरही पाण्यात येतं. क्लोरीन खर्च होतो, स्टॅबिलायझर मात्र तिथेच राहतं. पाणी उडालं तरी ते उडत नाही. एका उन्हाळ्यात ७० चं १५० सहज होतं. मग ३ पीपीएम क्लोरीन म्हणजे फक्त २ टक्के. पहिल्या ढगाळ, दमट आठवड्यात शेवाळाने डोकं वर काढलंच म्हणून समजा.

ऑलिंपिकचा हिरवा तलाव

हे फक्त घरगुती तलावांत होतं असं समजू नका. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या डायव्हिंगच्या तलावाचं पाणी एका दिवसात हिरवं झालं. सगळ्या जगाने ते दूरदर्शनवर पाहिलं. नंतर शेजारचा तलावही हिरवट झाला. आयोजकांनी मागाहून कारण सांगितलं: उद्घाटनाच्या दिवशी, ५ ऑगस्टला, एका कंत्राटदाराने पाण्यात सुमारे ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. पेरॉक्साइड आणि क्लोरीन एकमेकांना निकामी करतात. क्लोरीनची मारक शक्ती गेली, आणि पाण्यावर लक्ष ठेवणारी यंत्रं मात्र सारं ठीक असल्याचं दाखवत राहिली. शेवटी कलात्मक जलतरणाच्या तलावातलं पाणी उपसून सरावाच्या तलावातलं स्वच्छ पाणी त्यात भरावं लागलं.

तिथे कारण पेरॉक्साइड होतं, आपल्याकडे स्टॅबिलायझर असतं. दोन्हीकडे गोष्ट तीच: यंत्रावर क्लोरीनचा आकडा दिसतोय म्हणजे क्लोरीन काम करतोय, असं होत नाही.

आता कामाला लागू

काम पाच पायऱ्यांत सांगतो. क्रम मोडू नका.

पहिली पायरी, मोजणी. स्टॅबिलायझर, पीएच आणि क्लोरीन हे तीन आकडे हवेतच. स्टॅबिलायझर मोजण्यासाठी पाणी गढूळ करून नळीच्या तळाचा काळा ठिपका कधी दिसेनासा होतो ते बघायचं किट मिळतं, ते घ्या. कागदी पट्ट्यांवर यासाठी विसंबू नका. क्लोरीनसाठी पिवळा रंग देणारं स्वस्त किट पुरत नाही, ते एकूण क्लोरीन दाखवतं. गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या. त्यातही एक गोम आहे. क्लोरीन फार जास्त असेल तर तो गुलाबी रंगच उडवून टाकतो आणि पाणी रंगहीन दिसतं. माणसाला वाटतं क्लोरीन शून्य, आणि तो आणखी ओततो. म्हणून एक भाग तलावाचं पाणी, चार भाग बाटलीतलं पाणी घ्या आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणा.

स्टॅबिलायझर १०० च्या पुढे असेल तर आधी थोडं पाणी बदला. १५० चं ७५ करायचं तर निम्मं पाणी. इथे थोडं पाणी जाईल, पण पाच टँकर नाही, अडीच. आणि तेही एकदम उपसू नका. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, आणि रिकामा तलाव त्या पाण्याच्या दाबाने होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो, भिंतींना तडे जातात. थोडं काढा, थोडं भरा.

दुसरी पायरी, पीएच ७.२ च्या आसपास आणा. मिठाच्या तलावात पीएच सतत वर चढतो, कारण हायड्रोजनचे बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हुसकावून लावतात. हायड्रोक्लोरिक ॲसिड मोजून, पंप चालू असताना टाका. हे क्लोरीन चढवण्याआधीच करायचं. क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेला की पीएचची तपासणी खोटी येते.

तिसरी पायरी, हाताने कचरा काढा. पानं, काड्या, तळाचा गाळ जाळीने उचला. जे हाताने निघतं त्यावर क्लोरीन का खर्चायचा? मग भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची जागा, दिव्याची खोबण, स्किमरचं तोंड, सगळं ब्रशने घासा. शेवाळावर बुळबुळीत थर असतो, तो फुटल्याशिवाय क्लोरीन आत पोचत नाही. काळे ठिपके असतील तर अधिक जोर लावा. ते खरं शेवाळ नव्हे, नील-हरित जिवाणू असतात आणि गिलाव्यात खोलवर बसतात.

चौथी पायरी, क्लोरीन. आता सेलवर अवलंबून राहू नका. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट घ्या. १० टक्क्यांचं एक लिटर द्रावण ५० हजार लिटरमध्ये २ पीपीएम वाढवतं. म्हणजे २८ पीपीएमसाठी १४ लिटर. हेच काम आपल्या सेलला एकट्याने करायचं असतं तर पूर्ण सात दिवस लागले असते, तेही शेवाळाने एक थेंबही खाल्ला नाही तर. द्रावण ताजं घ्या. उन्हात ठेवलेला कॅन लवकर निकामी होतो. ते मिळालं नाही तर टीसीएल पावडर चालते, ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. तिच्यात साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो, म्हणून सव्वाचार किलो लागेल. मात्र ती थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच ओता. नाहीतर तो चुना सेलच्या पट्ट्यांवर बसतो.

पाचवी पायरी, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं: तो २८ चा आकडा टिकवायचा. एकदा ओतलं आणि घरी गेलो, असं चालत नाही. पहिल्या दिवशी दोन-तीन तासांनी मोजा, आकडा १५ वर आलेला दिसेल. परत २८ करा. संध्याकाळी परत. पंप चोवीस तास चालू, रोज ब्रश, आणि फिल्टरचा दाब नेहमीपेक्षा पाव पटीने वाढला की फिल्टर उलटा धुवा.

शनिवार-रविवारच्या घरांचा खरा प्रश्न हा आहे. मालक शनिवारी येतो, क्लोरीन ओततो, रविवारी पाणी जरा फिकं दिसतं, तो निघतो. सोमवारी उन्हात क्लोरीन घसरतो. उरलेलं शेवाळ उबदार पाण्यात एका दिवसात दुप्पट होऊ शकतं. पुढच्या शनिवारी पाणी होतं तिथेच. असं महिनाभर केलं तर क्लोरीन चौपट लागतो आणि शेवाळ तिथेच राहतं. त्यापेक्षा सलग चार-पाच दिवस काढा, किंवा राखणदाराला मोजायला शिकवा, किट द्या, वही द्या. तो रोज तलाव बघतो. त्याच्याइतकं त्या पाण्याला कुणीच ओळखत नाही.

संपलं हे कसं ओळखायचं?

पाणी हिरव्याचं राखाडी होईल, दुधाळ होईल. लोक घाबरतात, आणखी बिघडलं म्हणतात. उलट ही चांगली खूण आहे. ते मेलेलं शेवाळ आहे, फिल्टर त्याला हळूहळू गाळेल. घाई असेल तर तुरटीने ते खाली बसवता येतं, पण मग तळाचा साका फिल्टरमधून न फिरवता थेट बाहेर ओढून टाकावा लागतो, आणि त्यात पाणी जातं.

पाणी निळं दिसलं म्हणजेही संपलं असं नाही. रात्रीची परीक्षा घ्या. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा, यंत्र बंद ठेवा, आणि सूर्य उगवायच्या आत परत मोजा. रात्री ऊन नसतं. मग क्लोरीन कमी झाला तर तो कुणीतरी खाल्ला. फरक १ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर दिसत नसलं तरी शेवाळ जिवंत आहे, काम चालू ठेवा. फरक १ च्या आत, पाणी नितळ, आणि वापरून झालेला संयुक्त क्लोरीन अर्ध्या पीपीएमच्या आत, या तिन्ही गोष्टी जमल्या की थांबा. मग सेल तपासा. पट्ट्यांवर पांढरा थर असेल तर पाणी मिसळून पातळ केलेल्या ॲसिडने धुवा. मीठ मोजून हवं तेवढं घाला आणि क्लोरिनेटर पुन्हा सुरू करा.

जिवाशी खेळ नको

तीन गोष्टी शांतपणे ऐका.

एक. ॲसिड आणि क्लोरीन एकाच बादलीत, एकाच मापात, एकाच कोपऱ्यात कधीही नको. एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. पंपाची खोली लहान असते, माणूस दारापर्यंतही पोचत नाही. पातळ करताना ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नाही. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि टीसीएलसुद्धा एकत्र ठेवू नका, त्यातून आग लागते.

दोन. तळ दिसत नसेल तर पाण्यात कुणीही उतरायचं नाही. आजाराची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती वेगळी. हिरव्या पाण्यात बुडालेलं मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही. दोन मीटरवर उभा असलेला बापही त्याला शोधू शकत नाही. काम चालू असेपर्यंत फाटकाला कुलूप लावा. शेवाळ येतं-जातं, याची भरपाई मात्र कशानेच होत नाही.

तीन. काढलेलं पाणी शेतात, आमराईत, विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नका. त्यात मीठ आहे, क्लोरीन आहे. झाडांनाही ते सोसत नाही आणि माशांनाही.

प्रश्नोत्तरं

प्रश्न होता: मोरचूद टाकला तर? द्राक्षबागेत बुरशीवर चालतो.

शेवाळ मरतं, हे खरं. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. पण तांबं पाण्यातून जात नाही. पीएच चढला की ते गिलाव्यावर निळे-काळे डाग पाडतं आणि पिकलेल्या केसांना हिरवट छटा देतं. क्लोरीनची कमतरता तर तशीच राहते. दुकानातल्या बऱ्याच शेवाळनाशकांतही तांबंच असतं, म्हणून लेबल वाचा.

दुसरा प्रश्न: मीठ जास्त घातलं तर यंत्र जास्त क्लोरीन बनवेल का?

नाही. मीठ ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी झालं तर यंत्र अडतं, जास्त झालं तरी ते बंद पडतं. शिडी आणि दिव्यांच्या धातूला गंज चढतो, तो वेगळाच. पावसाळ्यानंतर मोजा आणि लागेल तेवढंच घाला. १००० पीपीएम वाढवायला ५० हजार लिटरला ५० किलोची एक गोणी.

सिडनीहून ऑनलाइन विचारलंय: आमच्याकडे हिवाळ्यात यंत्र क्लोरीनच बनवत नाही, बिघडलं का?

बहुधा नाही. ऑस्ट्रेलियात मिठाचे तलाव घरोघर आहेत, आणि तिकडे हा अनुभव नेहमीचा आहे. पाणी साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की अनेक सेल उत्पादन कमी करतात किंवा थांबतात. त्या काळात द्रवरूप क्लोरीन थोडा थोडा हाताने घाला. ऑक्टोबरमध्ये पाणी तापायच्या आधी स्टॅबिलायझर मोजा. वसंतातलं हिरवं पाणी बहुतेक वेळा हिवाळ्यात दुर्लक्षिलेलं पाणी असतं.

शेवटचा प्रश्न: हे पुन्हा होऊ नये म्हणून एकच गोष्ट करायची तर कुठली?

पंपाच्या खोलीत एक वही ठेवा. आठवड्यातून दोनदा क्लोरीन आणि पीएच, महिन्यातून एकदा स्टॅबिलायझर आणि मीठ. प्रत्येक वेळी क्लोरीनच्या आकड्याशेजारी स्टॅबिलायझरचा आकडा लिहा आणि पाच टक्क्यांचा हिशेब करा. पाणी हिरवं व्हायच्या दोन आठवडे आधीच ती वही तुम्हाला सांगेल.

वेळ संपली आहे. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या वेळी.